मागून घेतलेलं मैदान

फिलोमिना : आत ये आनि दार ओढून घे. तुला गनवेसात पाह्यलं का शेजारनी खिडक्या लावतात.

शॅनन : काहीही काय मम्मी. जुलैमध्ये ह्याच बायकांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं.

फिलोमिना : तवा बोंबील वाळवनीच्या जागेला कुंपन नव्हतं.

शॅनन : ते मी घातलंय का?

फिलोमिना : मागितलंस तर तूच. मंत्र्यानं स्टेजवर इचारलं, पोरी, मेडल आनलंस, पोलिसात नोकरी दिली, अजून काय पायजे? आनि तू माईकवर सांगतेस, आमच्या अर्नाळ्याला कबड्डीचं मैदान द्या.

शॅनन : पोरांसाठी मागितलं गं. वाटलं, कुठेतरी जागा बघतील.

फिलोमिना : जागा दाखवायला पन तूच गेलेलीस.

शॅनन : जागा बघायला आले त्या साहेबांनी विचारलं, प्रॅक्टिस कुठे करायचीस? मी नेलं. फोटो काढले. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही माझ्या. पावसात काय असतं तिथे? नुसती वाळू. आम्ही लहानपणापासून पावसातच खेळायचो तिथे.

फिलोमिना : पावसात आमी बोंबील टांगायच्या वलांड्या सोडून बांबू घरात ठेवतो, म्हनून मोकळी. त्या साहेबांनी पडीक म्हनून लिवली. आता बोंबील सुकवायचे कुठं? शांतानं रस्त्याच्या कडेला पसरले, तर निम्मे कुत्र्यांनी नेले. भांडायला पन आली नाय ती माझ्याशी. नुसती बघून गेली.

शॅनन : मी बोलले आमच्या पोलिसातल्या साहेबांशी.

फिलोमिना : काय म्हनाले?

शॅनन : हसले. म्हणाले, मॅडम, गेटवर तुमचंच नाव लागणार आहे. नवीन नोकरी आहे, जपा. एकदम प्रेमाने म्हणाले. म्हणूनच जास्त भीती वाटली.

फिलोमिना : आज चर्चमदी मिस्साला माझ्या बाकावर कोनी बसलं नाय. फादर म्हनाले, एकमेकांना शांती द्या. मी हात जोडून शेजारच्या बेसिलच्या आईकडं वळले, तर तिनं मान फिरवली.

शॅनन : मम्मी, उद्या भूमिपूजन आहे. तू तिकडे जाऊ नकोस. बाकीच्यांना पण सांग. गाड्या येणार आहेत पोलिसांच्या.

फिलोमिना : आमी जानार, हे तुला कोनी सांगितलं?

शॅनन : त्यांना सगळं माहितीये. तुम्ही कुठे बसणार, ते पण.

फिलोमिना : आनि तुला आज सुट्टी कशी काय? नाय मिळनार म्हनालेलीस ना?

(शॅनन टोपी काढून मांडीवर ठेवते.)

शॅनन : साहेबांनीच पाठवलंय. म्हणाले, घरी जेवा, आईशी बोला. उद्या माझी ड्युटी गेटवर आहे. गळ्यात मेडल घालून. मला बघितलं की बायका पुढे येणार नाहीत, असं वाटतं त्यांना.

फिलोमिना : आनि आल्या तर?

शॅनन : उचलून गाडीत बसवायचं.

फिलोमिना : तू नाय म्हनून सांग.

शॅनन : अजून पर्मनंट कुठेय मी? घरी बसवतील. डॅडींचं हार्टचं ऑपरेशन ह्याच नोकरीवर झालं ना? पुढची औषधं कुठून आणायची?

फिलोमिना : म्हंजे त्यांनी आदी ऑपरेशन केलं, आनि आता तुला गेटवर उभं करतायत.

शॅनन : तेव्हा असं काही वाटलं नव्हतं गं. मला वाटलं, मी जिंकले म्हणून देतायत.

फिलोमिना : हात धू. भात वाढते.

शॅनन : तू उद्या घरीच थांबशील ना? एवढं तरी कर माझ्यासाठी.

फिलोमिना : नाय. मी पयल्या रांगेत बसनार, गेटच्या समोर.

शॅनन : मम्मी, मी तिथे असणार आहे म्हटलं ना.

फिलोमिना : म्हनूनच. उचलायची पाळी आली तर मला उचल. दुसऱ्या कोनाच्या आईला हात लावू नको.