हमीदला दिलेली पुडी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्ही दोनदा आलात आणि दोन्ही वेळा मी शिवणकामाच्याच गोष्टी सांगत बसलो. आता लिहून घ्या.

मी मूळचा पुणतांब्याचा. शेती थोडकी, म्हणून पोरवयातच राहात्याला शिवणकाम शिकायला आलो, तिथं हमीद भेटला, आणि पुढं आम्ही मिळून दुकान टाकलं. मी कापायचो, तो शिवायचा. लोक म्हणायचे, ही नवराबायकोची जोडी, भांडणंसुद्धा तशीच. आता योग बघा, माझ्या पोरीला, सुमनला फिट यायची आणि त्याच्या पोरीला, नाझमालाही. काय सांगू तुम्हाला, एकाच एसटीनं दोघींना नगरच्या दवाखान्यात न्यायचो, एकीला झटका आला की दुसरीचा बाप आधी धावायचा.

तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, फिटवर नवं औषध निघालंय, अजून दुकानात नाही, आधी तपासून बघायचंय, गुण येईलच असं नाही. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ, आत औषधच नसलेली, कुणाला कुठली ते आम्हालाही कळत नाही. आम्ही दोघांनी सह्या केल्या. रक्त तपासलं, नाझमाला घेतलं, सुमनला नाही. मला एकट्याला आत बोलावून बाई म्हणाल्या, हिला कसली पूड देता? मी म्हटलं, वैदूची, झाडपाल्याची. त्या म्हणाल्या, झाडपाला कसला, त्यात फिटच्याच जुन्या गोळ्या कुटून घातल्यात, रक्तात दिसतंय, अशांना यात घेता येत नाही. बाहेर हमीदनं विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, रक्तात दोष निघाला.

दोन महिन्यांत नाझमाची फिट थांबली. मागं एकदा मशीनवर असतानाच झटका येऊन तिच्या बोटातून सुई गेली होती, तेव्हापासून हमीद तिला मशीनला हात लावू देत नव्हता, आता ती रोज दुकानात येऊन पायमशीन चालवायची. तुम्हाला हसू येईल, पण तो आवाज मला सोसवेना. घरी सुमन दातखिळी बसून पडायची, आणि इथं ही पोर परकर शिवत गुणगुणायची, वर मला म्हणायची, काका, तुमचं कापणं हल्ली वाकडं जातंय. जातच होतं. गिऱ्हाईक तिचं कौतुक करायचं आणि मी कात्री आपटून ठेवायचो. माझ्या पोरीनं काय पाप केलं होतं?

एका दुपारी सुमनच्या सात पुड्या मी हमीदपुढं ठेवल्या. म्हटलं, उद्या त्यांनी गोळी बंद केली तर काय करशील, ही सोबत चालू ठेव. तो म्हणाला, दुसरं औषध नको म्हणून बाईंनी बजावलंय. मी म्हटलं, अरे, हे औषध कुठं, झाडपाला हाय. मला ठाऊक होतं आणि तरी म्हटलं.

पुढच्या तपासणीत नाझमाच्या रक्तात पुडीतलं औषध निघालं. बाईंनी तिला यादीतून काढलं, नवी गोळी बंद केली. कुणी दिली विचारलं तर हमीद म्हणाला, मीच आणली. मी शेजारीच उभा होतो. महिन्याच्या आत तिची फिट परत सुरू झाली. मी मनाला समजावलं, तिची गोळी पोकळच असेल, पण मधले ते महिने मी डोळ्यांनी बघितले होते. परतीच्या एसटीत हमीदच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भाऊ, मन छोटं करू नको, तू तर जीव लावून दिलीस.

ते औषध अजून दुकानात आलेलं नाही, येईल की नाही कोण जाणे. नाझमा घरीच हुकं-बटणं लावते. सुमनला दुसऱ्या गोळ्यांनी थोडा उतार आहे. देव दोघींनाही सांभाळो. दर शुक्रवारी मी हमीदकडं जातो, आणि वाटेत वाक्य जुळवतो, हमीद, पुडीत काय आहे ते मला ठाऊक होतं, तुझ्या पोरीचं बरं झालेलं मला बघवलं नाही, मला माफ कर. दार नाझमाच उघडते, काका आले म्हणून आत सांगते, आणि हमीद पहिलं विचारतो, सुमन कशी हाय? मी म्हणतो, बरी हाय, आणि चहा पिऊन परत येतो.