काकाची जोडी

इतवारा बाजारातल्या फोटो स्टुडिओत वैजयंती पासपोर्टच्या फोटोसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर मालूबाई आपल्या मैत्रिणीला, चंद्रभागेला, सांगत होत्या आणि सगळं दुकान ऐकत होतं.

“नातीसाठी तो खेळ मीच बनवला. घरातल्या एकेकाचे दोन-दोन फोटो पुठ्ठ्यावर चिकटवले. सगळे पालथे मांडायचे, अन् उलटून उलटून जोडी शोधायची.”

“चांगला खेळ आहे की.”

“होता! केळीच्या वावराच्या वाटणीवरून भांडण झालं, तर तिच्या बापानं, योगेंद्रनं, धाकट्या भावाचा फोटोच फाडला. म्हणे, जीवनचं तोंड माझ्या घरात नको.”

“दोन्ही फाडले?”

“एकच सापडला त्याला. दुसरा पोरीच्या मुठीत होता. आता रोज ती काकाची जोडी शोधते. कुठून सापडणार? काल तिनं काकाशेजारी बापाचाच फोटो ठेवला. म्हणे, झाली जोडी! नाक बघा, कान बघा!”

“अगं बाई! मग योगेंद्र?”

“चापट मारली तिच्या हातावर. चुकली म्हणे! दोघं माझ्याच पोटचे, अन् पोरगी चुकली?”

“मॅडम, आपका नंबर,” फोटोवाला वैजयंतीला म्हणाला.

“आधी यांचं करा.”

मालूबाईंनी पिशवीतून जुना फोटो काढला. एकाच गोधडीत गुंडाळलेली दोन पोरं, गालाला गाल चिकटलेले.

“याच्या दोन कॉप्या काढ, भाऊ. आता यातून एकट्या भावाला फाडून दाखव म्हणावं!”