चौकातली जागा

(नगररचना खात्यात नोकरी करणारी लेक बैठकीहून घरी परतलीय. आई स्वयंपाकघरात.)

लेक : गेली जागा! चौकातली. इतकी वर्षं मी तिच्यासाठी भांडले आणि साहेबांनी चहा संपायच्या आत निकाल लावला. तिथं आता गाड्या उभ्या राहणार.

आई : आधी पाणी पी. आणि म्हाताऱ्यांचं केंद्र?

लेक : गावाबाहेर, बायपासच्या पलीकडे. म्हणे तिथं हवा चांगली आहे, शांतता आहे.

आई : शांतता मेल्यावर भरपूर मिळते म्हणावं.

लेक : हे मला तिथं सुचायला हवं होतं. मी आपली नकाशे दाखवत बसले. बाजार इथं, दवाखाना इथं, माणसं पायी येतील... तर साहेब म्हणाले, 'मॅडम, तुमचे म्हातारे बाहेर पडतात कुठं? चौकात एक तरी दिसतो का?'

आई : मग?

लेक : मग काय, नकाशे गुंडाळले मी. खरंच दिसत नाहीत ना! तूसुद्धा आताशा उंबरा ओलांडत नाहीस. भाजी मी आणते, औषधं मी आणते. वाचनालयात जाणं सोडलंस. विचारलं की म्हणतेस, कंटाळा आला.

आई : आला कंटाळा. माणसाला येऊ नये?

लेक : येऊ दे ना! पण मग मी घसा कोरडा करतेय तो कुणासाठी? निवृत्ती तोंडावर आलीय. उद्या या केंद्रावर लोकांच्या हरकती ऐकायची सुनावणी आहे, मी जाणारच नाही. जाऊ दे सगळं खड्ड्यात!

आई : आवाज खाली. मी काही तुझा साहेब नाही.

लेक : चुकलं.

आई : ...कंटाळा नव्हता आला.

लेक : काय?

आई : वाचनालयातून येत होते. चौकात हिरवा दिवा बघूनच निघाले होते गं. अर्ध्यात पोचले आणि तो बदलला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. एक जण ओरडला, 'आजी, मरायचंय का?' अख्खी शाळा माझ्या एका नजरेत गप्प व्हायची. आणि मी तिथं उभी, पिशवी छातीशी धरून, रडत.

लेक : आई! मला का नाही सांगितलंस?

आई : तुला? जन्मभर तू हेच काम केलंस. कुठल्या तोंडानं सांगू, की तुझ्याच आईला रस्ता ओलांडता येत नाही? तुला लागलं असतं.

लेक : आता लागलंच की.

आई : लागू दे. उद्या तिथं कुणीही बोलू शकतं?

लेक : कुणीही. पण कुणी येत नाही.

आई : मी येते. म्हातारे का दिसत नाहीत ते सांगते तुझ्या साहेबांना. फक्त 'माझी आई' म्हणून ओळख करून देऊ नकोस. मुख्याध्यापिका म्हण.

लेक : आई, सुनावणी तिसऱ्या मजल्यावर असते. लिफ्ट कधीची बंद पडलीय.

आई : म्हाताऱ्यांच्या केंद्राची सुनावणी? तिसऱ्या मजल्यावर?

लेक : सांगून सांगून थकले गं मी. कुणी ढिम्म हलत नाही.

आई : मग लवकर निघू. दर वळणावर टेकावं लागेल मला.

लेक : आणि तोवर त्यांनी उरकून टाकलं तर?

आई : तू पुढं जा. त्यांना सांग, जिन्यात एक बाई आहेत. येतायत.