संदर्भ : केशरबाईचे बोट, उजवे

'विषय : सौ. केशरबाई यांच्या उजव्या तर्जनीस काटा टोचून झालेल्या जखमेची नोंद डावी झाल्याबाबत.' — असा अर्ज दिलाय बघा मी, साडेदहाला. आता दीड वाजला. वाचू का पुढचं? नको? राहिलं. बसा की, सरका जरा, तुमचं पट्टीचं बोट सांभाळा.

केशर म्हणजे माझी बायको. येलदरी धरणाचा मासा आणला होता, साफ करताना काटा घुसला, टोक आतच मोडलं. बोट हे असं — भजं झालंय. काटा काढणारे डॉक्टर मंगळवारीच येतात, दोनला निघतात. आज मंगळवार. सगळं सरळ आहे का नाही? आहे. पण कागदावर डावं बोट! डॉक्टर म्हणाले, तात्याराव, ज्याचा कागद नाही ते बोट कापू कसं — आणि ज्याचा कागद आहे ते ठणठणीत! तासभर झाला, आत ती आणि डॉक्टर वाद घालायलेत.

तुमाला वाटतं, टोचलं की लिहायचं 'टोचलं'. हॅ! हात कोणता, बोट कितवं, नख शाबूत का, काटा आत का बाहेर, पहिली खेप का दुसरी — प्रत्येकाला वेगळा आकडा. वर कशानं टोचलं त्याचा आणखी एक. योगीराज — तो खिडकीतला चष्मेवाला कारकून — केशरला विचारायलाय, "काकू, मासा जिवंत होता का?" ती म्हणाली, "जिवंत असता तर साक्षीला त्यालाच आणला असता." अख्खी रांग हसली. यानं मान वर न करता लिहिलं — मृत.

मग चुकलं कुठं? तो खिडकीच्या आत, ही बाहेर, समोरासमोर. हिनं बोट वर केलं, ते त्याच्या डाव्या अंगाला आलं, त्यानं डावं लिहिलं. कुणी शिकवलं असेल असं? — मीच. म्हणजे — एकतीस वर्षं त्या खुर्चीत मी होतो ना. 'विचारत बसू नको, दिसेल ते लिही, रांग हलली पाहिजे' — माझंच वाक्य. हसू नका! झरीपासून चुडाव्यापर्यंत जेवढी बोटं टोचली — कापूस वेचताना, सुईनं, बाभळीनं — सगळी उलट्या हाताला लिहिलेली असणार. अख्खा जिल्हा आरशात बघितला म्हणा मी! आणि लय कौतुकानं निरोप दिला मला, शाल देऊन.

दुरुस्ती? ती पंधरा दिवसांनी, सगळे अर्ज एकत्र. हा नियम कुणी काढला? — पाणी आहे का तुमच्याकडं? द्या.

थांबा, दार उघडलं — केशर! पट्टी बांधलीय! कुठल्या हाताला? डाव्या — अरे बाप रे, डाव्याच अंगाला दिसायलीय — नाही, नाही, समोरून यायलीय ती. केशर, वळ! पाठ कर म्हणतो, का ते नंतर सांगतो... उजवं. उजवंच! काय म्हणालीस डॉक्टरांना? 'मग कागदच कापा, त्याला भूल तरी लागत नाही'? आणि त्यांनी डावं खोडून उजवं केलं, पेनानं? अगं, ही तर खाडाखोड, नियमात — बरं. गप्प बसतो.

तुमाला पुकारायलेत, जा. कागद उपडा ठेवा, आधी बोट दाखवा. अर्जाचं काय विचारायलात? काटा निघाला. अर्ज प्रलंबित आहे.