बदललेला पिकअप

गिटारच्या दुकानात मास्तर खोळीतली गिटार खांद्याला लावून, नव्या हम्बकर पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाची, डबी घेऊन दुसऱ्या नंबरावर उभे होते. पुढचा चष्मेवाला कारागिराशी बोलत होता.

“काका, महिन्यापूर्वी तळाशी ब्रिजजवळ बसवलात तो हम्बकर काढा. आधीचाच लावा.”

“अहो, दोन्ही जवळपास सारखेच आहेत. नवा गोड वाटतो म्हणाला होतात.”

“गोड आहे, पण दबका. आधीचा मोकळा होता. बायको म्हणते, काहीच बदललेलं नाही. तिला कानच नाही हो.”

“वाजवा बघू.”

“हे ऐका. दबका आहे ना?”

“हा स्विच नेहमी असाच वर असतो?”

“घेतल्यापासून हात लावलेला नाही.”

“वर असला की मानेजवळचा पिकअप वाजतो, खाली असला की ब्रिजजवळचा. तो आपण बदललाच नाही. ब्रिजजवळचा तुम्ही कधी ऐकलेलाच नाही. ना जुना, ना नवा.”

“म्हणजे महिनाभर मी फरक कशात ऐकत होतो?”

“ते मी कसं सांगू?”

“काका, आमच्या घरात कान एकालाच आहे. आणि तो मी नव्हे.”

“चला, पुढचे कोण?”

मास्तरांनी खोळीवरूनच आपल्या गिटारचा स्विच चाचपला. तोही वरच होता. त्यांनी डबी खिशात सरकवली.

“मला... तारांचा एक सेट द्या.”