तिसऱ्या दिवसाचं जेवण

दादा जिवंत होता तेव्हा त्याच्या घरी कोणी जेवायला का आलं नाही? मी सगळ्यांना विचारलं. ख्रिस्ती झाल्यापासून तो दरवर्षी ईस्टरला आमच्या गावाहून, हिंगणीहून, सगळ्या भावकीला घरी जेवायला बोलवायचा. बाटायची भीती कोणी तोंडावर सांगायचं नाही. नेमकं त्याच दिवशी सगळ्यांचं पोट दुखायचं.

यंदा गुड फ्रायडेला आम्ही दादाला पुरलं. तेव्हाही कोणी आलं नाही. पण रविवारी तिसरा दिवस म्हणून काका राख सावडायला मडकं घेऊन दारात हजर, मागे सगळी भावकी.

"काका, राख कुठची? पुरलं ना आमी त्याले!"

"मंग आता कसं करावं?"

"आज ईस्टर हाये मामंजी," वहिनी म्हणाली. "दरसाल हेच सांगाले बोलावत होते ते. येशू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला."

काकांनी हळूच मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "आपला बी उठन का वो?"

"उठन!" मी ओरडलो. "अन् पयले तुमालेच ईचारन, जेवाले काऊन नाई आलते?"

कोणाचं पाऊल हलेना. आतून वहिनीच्या स्वयंपाकाचा वास येत होता. मी काकांच्या हातातलं मडकं काढून घेतलं, त्यांना दादाच्या पाटावर बसवलं आणि सगळ्यांना पोटभर वाढलं.