अकरा लाल दोरे

न्हाय साहेब, बैलानं न्हाय खाल्लं. बसा की, घोंगडी टाकलीया. हे मंद्रूपच्या बाजाराला गेल्यात, सासूबाई देवळात. एरवी मी बोलत न्हाय — लगीन होऊन चारच महिने झालं, नव्या सुनंनं काय बोलावं? पण तुमी सोलापूरच्या शेतकी फार्मावरनं बियासाठी सायकल मारत आला, अन् हितं नुसती चिपाडं.

तुमच्याकडं पाऊस मोजायचं भांडं हाय म्हणं. गाव हसायचं — मोजल्यानं पडतोय व्हय? हे हसले न्हाईत. तीन सालं, करपल्या रानात जोंधळ्याचं जे ताट तग धरंल त्याचंच बी ठेवायचं, पुन्हा पेरायचं. औंदा अकरा ताटं निघाली. तुमी ह्यांना इचारलंत म्हणं, ‘कसं वळखता?’ साहेबानं शेतकऱ्याला इचारलं — आठ दिवस तेच सांगत होते, बैलाला सुदिक. मला न्हाय. त्या अकरांना लाल दोरा बांधलाय, तेबी न्हाय.

सांगितलं असतं तर — ऱ्हाऊ द्या. येळअमावस्येला रानात जोंधळ्याच्या ताटांची पूजेची खोप करायची, तिची ताटं ह्या घरात नव्या सुनंनं कापायची. माज्या माहेरी, अक्कलकोटाकडं, देवाची ताटं आदीच दोरा बांधून ठेवत्यात. रानात लाल दोरे दिसले, मला वाटलं, किती नेटकं घर पडलं पदरात. चालवला इळा. पूजा झाली, कोवळी कणसं भाजली, हुरडा चोळला. हे तुमच्याकडनंच परत आले, माज्या हातचा हुरडा खाल्ला, म्हणले, ‘लई गोड हाय.’ माज्याशी पयलंच बोलणं. मग खोपीकडं बघितलं. दोरे तसेच होते. मोजत बसले — अकरा. तोंडातला घास गिळला अन् उठले. ओरडले असते तर बरं हुतं.

सासूबाईंना म्हणले, फार्माची ताटं बैलानं खाल्ली. तुमाला बी तेच कळवलं न्हवं? आमच्या बैलानं जल्मात दावं तोडलं न्हाय, बिचाऱ्यावर फुकटचा आळ. तुमच्या वहीतलं खोडा. मी, गुरम्मानं, कापलं, लिवा. पुढल्या साली पुन्हा पेरू म्हणता? कुटनं, साहेब — दाणा भरायच्या आत कापलेलं. तीन सालं आमी एका दुपारी खाल्ली. तवापासनं भाकरी वाढते, जेवत्यात, शबुद न्हाय. ते खोटं मायेनं बोलले का लाजंनं, मला कळंना —

थांबा. ह्यांच्या वहाणा वाजल्या. पेन्सिल ठेवा. बैलाचंच लिवलेलं ऱ्हाऊ द्या, साहेब. माज्यासाठी बोलले ते तेवढंच हाय. पाणी पिलात न्हवं? जावा आता.